काम झाल्यावर दिले, तर ती लाच नव्हे!

आपल्या मंडळाच्या वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रे चाळायला जमणाऱ्या मंडळींमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते. कोणीतरी मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहून नुकतेच परतलेले असते. झोपेचे वेळापत्रक अजून रुळावर आलेले नसते आणि दांडिया बझारातून चालत येताना एखाद्या खड्ड्याने त्यांचे स्वागतही केलेले असते. मग ते वाक्य येते : "तिकडे कुठेही एक पैसा द्यावा लागत नाही हो!" ड्रायव्हिंग लायसन्स काढायला गेलो, रांगेत उभा राहिलो, काम झाले. पोलिसाला चहापाणी नाही, घराच्या दस्तासाठी मध्यस्थ नाही. आणि इथे मामलतदार कचेरीत सातबाराच्या नोंदीसाठी फायलीवर वजन ठेवल्याशिवाय कागद हलत नाही.

हे वाक्य खोटे नाही. मीही ते या वाचनालयात दोनतीनदा म्हटलेले आहे. परंतु २०२३च्या उन्हाळ्यानंतर मी ते म्हणणे सोडले. त्याचे कारण सांगायचे, तर आधी एका गोळीची गोष्ट सांगावी लागेल.

त्या वर्षी आम्ही उभयता न्यू जर्सीला मुलीकडे होतो. आपल्यापैकी बहुतेकांप्रमाणे आमच्याही बॅगेत लोणची आणि भाजणी यांच्याखाली सहा महिन्यांची औषधे होती. परतीचा मुक्काम एक महिन्याने लांबला आणि माझ्या मधुमेहाच्या गोळ्या संपत आल्या. गोळी साधीच, सिटाग्लिप्टिन नावाची. या औषधाचे पेटंट भारतात २०२२च्या जुलैमध्ये संपले आणि आपल्याकडच्या अनेक कंपन्यांनी ती लगेच बाजारात आणली. जनऔषधी केंद्रात १०० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या १०० रुपयांना मिळू लागल्या. म्हणजे महिन्याचा खर्च ३०० रुपये. मुलीने तिथल्या औषधाच्या दुकानात चौकशी केली. जानुविया या मूळ नावाने ३० गोळ्यांची किंमत पाचशे डॉलरच्या वर! तेव्हाच्या दराने चाळीस हजारांहून जास्त रुपये. आमच्या प्रवासी विम्यात जुन्या आजाराला स्थान नव्हते. जावयांनी "बाबा, तुम्ही किमतीचा विचार करू नका" असे म्हटले खरे, पण किमतीचा विचार केल्याशिवाय आपली पिढी एक पाऊल टाकत नाही. शेवटी ओळखीचे एक कुटुंब बडोद्याहून येत होते, त्यांच्याबरोबर गोळ्या आल्या. तोवर आठ दिवस मी एका गोळीचे दोन तुकडे करून घेत होतो.

आता कोणी म्हणेल, पेटंट असलेले औषध महागच असणार, संशोधनाचा खर्च कोणी भरायचा? आक्षेप रास्त आहे. पण त्याच कंपनीची तीच गोळी युरोपातल्या श्रीमंत देशांतही अमेरिकेच्या मानाने कितीतरी स्वस्त मिळत होती. मग अमेरिकेतच ही किंमत का? जावयांनी मला एक जुने प्रकरण वाचायला दिले, आणि आठ दिवस अर्ध्या गोळीवर असलेल्या माणसाने ते किती बारकाईने वाचले असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. दुकानातून घेतलेल्या औषधांचा खर्च तीत पूर्वी मिळत नसे. तो मिळावा म्हणून २००३ साली कायदा आला. हेतू चांगला, वृद्धांना हवाहवासा. मात्र त्या कायद्यात एक कलम होते. औषधांच्या किमतीबाबत सरकारने कंपन्यांशी वाटाघाटी करू नयेत, असे ते कलम. खंडेराव मार्केटमध्ये कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस न करता पुढे जाणारी एक तरी गृहिणी आपल्याला माहीत आहे का? इथे कोट्यवधी लोकांच्या वतीने औषधे घेणाऱ्या, देशातल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला कायद्यानेच घासाघिशीची बंदी झाली. खासगी विमा कंपन्या आपापली घासाघीस करतील आणि तेवढे पुरे, असे समर्थन दिले गेले.

हा कायदा कनिष्ठ सभागृहात ज्या रीतीने मंजूर झाला ती रात्र मुळातून समजून घेण्यासारखी आहे. तारीख २२ नोव्हेंबर २००३. मतदान सुरू झाले पहाटे तीनच्या सुमारास. अशा मतदानाला एरवी १५ मिनिटे देतात. १५ मिनिटे संपली तेव्हा विधेयक पडत होते. म्हणून मतदान बंदच केले नाही. एक तास गेला, दोन तास गेले. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचे नेते आपल्याच बंडखोर सदस्यांना गाठून समजावत राहिले, आणि जवळजवळ तीन तासांनी, उजाडायच्या बेतात, २२० विरुद्ध २१५ असा निकाल लागला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही मतपेटी इतका वेळ उघडी ठेवली तर आपल्याकडे दगडफेक होईल.

मिशिगनचे निक स्मिथ हे सदस्य त्या रात्री विरोधात मत देणार होते. ते निवृत्त होत होते आणि त्यांचा मुलगा त्याच जागेसाठी उभा राहणार होता. तुम्ही मत द्या, मुलाला आमचा पाठिंबा, असे त्यांना सुचवण्यात आले. सभागृहाच्या आचारसंहिता समितीने २००४ साली चौकशी करून पक्षाचे नेते टॉम डिले यांना याबद्दल समज दिली. समज, बाकी काही नाही. स्मिथ यांनी मत फिरवले नाही. मुलगा पुढे पक्षांतर्गत निवडणुकीतच हरला.

खर्चाच्या आकड्याचीही गंमत झाली. दहा वर्षांत सुमारे ४०० अब्ज डॉलर लागतील असे सदस्यांना सांगितले होते. मेडिकेअरचे मुख्य गणिती रिचर्ड फॉस्टर यांचा हिशेब पाचशे अब्जांच्या वर जात होता. तो संसदेला दिलात तर नोकरी जाईल, अशी धमकी त्यांना त्यांचे वरिष्ठ टॉमस स्कली यांनी दिल्याचे नंतरच्या सरकारी चौकशीत आढळले. हे स्कली ज्या काळात कायद्यावर काम करत होते त्याच काळात आपली पुढची खासगी नोकरीही शोधत होते, आणि त्यासाठी त्यांच्याकडे खात्याची रीतसर परवानगी होती. कायदा झाल्यावर महिन्याभरातच ते सरकारी नोकरी सोडून खासगी क्षेत्रात गेले.

ज्या समितीकडे हा विषय होता तिचे अध्यक्ष होते लुइझियानाचे बिली टोझॅन. २००५च्या जानेवारीत ते संसदेतून बाहेर पडले आणि औषध कंपन्यांच्या देशव्यापी संघटनेचे प्रमुख झाले. पगार वर्षाला सुमारे २० लाख डॉलर असल्याचे तेव्हा छापून आले होते. त्यांनी कोणताही कायदा मोडला नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण या लेखाचा सगळा भार त्या वाक्यावर आहे. टेबलाखालून काही गेले नाही. पाकीट नाही, मध्यस्थ नाही, कोणी पकडले जाण्याचा प्रश्नच नाही. आमच्या मामलतदार कचेरीतला कारकून दोनशे रुपये घेताना निदान दाराकडे बघतो.

हे एकाच पक्षाचे पाप समजून डेमोक्रॅटिक पक्षाच्या चाहत्यांनी खूश होण्याचे कारण नाही. २००८च्या निवडणुकीत बराक ओबामा यांनी याच टोझॅन यांच्यावर एक जाहिरात केली होती. वॉशिंग्टनमधला हाच खेळ आपल्याला थांबवायचा आहे, असा तिचा सूर होता. २००९ साली ओबामा यांचा आरोग्यविमा कायदा तयार होत असताना व्हाइट हाउसमध्ये वाटाघाटीला बसले कोण? तेच टोझॅन. औषध उद्योगाने दहा वर्षांत ८० अब्ज डॉलरची बचत देऊ केली, उद्योगाने कायद्याला विरोध न करता पाठिंबा दिला, आणि मेडिकेअरच्या घासाघिशीचा विषय कायद्याच्या बाहेर राहिला. ओबामा यांचा नाइलाज होता असे त्यांचे समर्थक म्हणतात. असेलही. पण अध्यक्षालाही ज्यांच्यापुढे नाइलाज व्हावा असे लोक निवडून आलेले नसतात, ही गोष्ट उरतेच.

त्या बंदीला तडा जायला २०२२ साल उजाडले. ऑगस्टमध्ये सेनेटमध्ये ५० विरुद्ध ५० मते पडली, उपाध्यक्ष कमला हॅरिस यांनी निर्णायक मत दिले, आणि काही ठरावीक औषधांपुरती घासाघीस करण्याची मुभा मेडिकेअरला मिळाली. कंपन्या न्यायालयात गेल्या. तरी पहिल्या दहा औषधांचे दर २०२४ साली ठरले आणि १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. त्या दहांत माझी गोळी आहे! महिन्याची छापील किंमत ५२७ डॉलर होती, ठरली ११३ डॉलर. रक्ताच्या गुठळीवरचे एलिक्विस ५२१ वरून २३१ वर आले. म्हणजे एवढी वर्षे जी जादा किंमत दिली गेली तिचे कारण विज्ञानात नव्हते, एका कलमात होते. आणि दार लागले तशी खिडकी उघडली. २०२५च्या जुलैत डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या अर्थविषयक कायद्यात दुर्मीळ आजारांच्या औषधांना घासाघिशीतून असलेली सूट आणखी रुंद करण्यात आली. एवढ्या जाड कायद्यात हे कलम किती मतदारांच्या नजरेस पडले असेल?

अशा कलमांची काळजी वाहणाऱ्यांना तिकडे लॉबिस्ट म्हणतात. आपल्याकडे वशिला असतो, तिकडे वशिल्याचा नोंदणीकृत धंदा आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांत मिळून सदस्य ५३५, आणि एकट्या औषध उद्योगाचे लॉबिस्ट हजाराहून अधिक. ते फक्त पैसे घेऊन येत नाहीत, तयार मसुदे घेऊन येतात. टिपणे, आकडे, भाषणाचे मुद्दे, सगळे तयार. सदस्याला अभ्यासाला वेळ कुठे असतो? २०१३ साली डेमोक्रॅटिक पक्षाने नव्या सदस्यांसाठी केलेले दिवसाचे आदर्श वेळापत्रक वर्तमानपत्रांच्या हाती लागले. त्यात रोज चार तास देणगीदारांना फोन करण्यासाठी राखलेले होते. हे फोन संसदेच्या कार्यालयातून करण्याला बंदी आहे, म्हणून जवळच पक्षाच्या इमारतीत त्यासाठी खोल्या आहेत. आपला प्रतिनिधी दिवसातले चार तास कोणाचा आवाज ऐकतो, हे कळल्यावर तो कोणाचे ऐकतो हा प्रश्न विचारावा लागत नाही.

तरीही वाचनालयातल्या माझ्या मित्रांचे म्हणणे असे की, हे सारे नैतिकदृष्ट्या वाईट असेल, पण उघड लाच घेतली तर तिकडे माणूस तुरुंगात जातो. जातो, हे खरे. न्यू जर्सीचेच सेनेटर बॉब मेनेंडेझ यांचे उदाहरण आपल्या मुलाबाळांनी जवळून पाहिले. त्यांच्या घरी झडती झाली तेव्हा कोटांच्या खिशांत, पाकिटांत मिळून चार लाख ऐंशी हजारांहून अधिक डॉलर रोख आणि सोन्याच्या विटा सापडल्या. २०२४च्या जुलैत ते दोषी ठरले, २०२५च्या जानेवारीत ११ वर्षांची शिक्षा झाली. सोन्याच्या विटा घरात ठेवणे ही आपल्याकडची रीत. तिकडे ती अडाणीपणाची ठरली.

पण त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लाच या शब्दाची व्याख्या कशी बारीक बारीक करत नेली ते पाहा. व्हर्जिनिया राज्याचे गव्हर्नर बॉब मॅक्डॉनल यांनी एका पूरक आहार बनवणाऱ्या उद्योजकाकडून भेटी आणि कर्जे मिळून पावणेदोन लाख डॉलरहून अधिक स्वीकारले. त्यांत भारी घड्याळ होते, मुलीच्या लग्नाच्या जेवणाचा खर्च होता. बदल्यात त्यांनी त्या उद्योजकाच्या अधिकाऱ्यांशी गाठी घालून दिल्या, आपल्या सरकारी निवासस्थानी त्याचा कार्यक्रम केला. खालच्या न्यायालयात शिक्षा झाली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. केवळ भेट घालून देणे म्हणजे 'सरकारी कृती' होत नाही, असे ठरले.

पुढचे प्रकरण इंडियाना राज्यातल्या पोर्टेज या लहानशा गावाचे. तिथले महापौर जेम्स स्नायडर. गावाने एका कंपनीकडून कचरा उचलायचे ट्रक घेतले, दोन कंत्राटे मिळून सुमारे ११ लाख डॉलरची. त्यानंतर महापौरांना त्या कंपनीने १३ हजार डॉलर दिले. ते म्हणाले, मी सल्ला दिला त्याची ती फी. २०२४च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितले की, काम करण्याआधी ठरवून घेतलेले पैसे ही लाच. काम झाल्यावर कृतज्ञतेने दिलेले पैसे म्हणजे बक्षिसी, आणि संबंधित केंद्रीय कायद्यात तो गुन्हा नाही. राज्यांना हवे तर त्यांनी आपापले नियम करावेत. न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी विरोधी निकालपत्र लिहिले, पण त्यांचा पक्ष तिघांचा होता.

आपल्याकडे याला दिवाळीची पोस्त म्हणतात. पोस्टमन, सफाई कामगार, दूधवाला यांना आपण ती खुशीने देतो. पण मामलतदाराला नोंद झाल्यावर पोस्त दिली तर ती पोस्त होते का? ज्या न्यायमूर्तींनी हा निकाल दिला त्यांच्यातल्याच एकाने, क्लॅरेन्स थॉमस यांनी, एका अब्जाधीश मित्राच्या खर्चाने वीस वर्षांहून अधिक काळ आलिशान सहली केल्याचे २०२३ साली उघड झाले होते. त्यानंतर न्यायालयाने स्वतःसाठी आचारसंहिता छापली. ती मोडली तर काय, हे मात्र तीत लिहिलेले नाही.

इथे बडोदेकर म्हणून मला एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. अमेरिकेकडे आदराने पाहण्याची सवय आपल्या गावाला आजची नाही. श्रीमंत सयाजीराव महाराज १९०६ साली अमेरिका पाहून आले. तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांच्या मनात भरली, आणि १९१० साली त्यांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावले. ज्या ग्रंथालयांच्या जिवावर आपले आजोबा-पणजोबा वाचते झाले, त्यांचा वळसा अमेरिकेवरून आलेला आहे. १९१३ साली बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. (पुढे १९१७ साली याच बडोद्याने त्यांना राहायला जागा दिली नाही, हेही शिष्यवृत्तीच्या अभिमानाबरोबर आठवावे.)

महाराजांनी पाहिलेली ती अमेरिका शुद्ध होती असे मुळीच नाही. विमा कंपन्यांनी विमेदारांच्या पैशातून अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रचाराला देणग्या दिल्याचे १९०५च्या चौकशीत बाहेर आले होते. सेनेटर तेव्हा जनता निवडत नसे, राज्यांची विधिमंडळे निवडत, आणि रेल्वे नि तांब्याच्या धनिकांना विधिमंडळ विकत घेणे सोपे जाई. पण तो देश त्यावर काय करत होता ते पाहा. १९०७ साली कंपन्यांनी केंद्रीय निवडणुकीत उमेदवाराला पैसे देण्याला बंदी करणारा कायदा झाला, आणि त्यावर सही केली त्याच रूझवेल्ट यांनी. १९१३ साली, बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचण्याच्या काही महिने आधी, घटना बदलून सेनेटर थेट जनतेने निवडावा असे ठरले. आजार होता, आणि उपचार करण्याची हिंमतही होती. आमच्या पूर्वजांना आदर वाटला तो त्या हिंमतीचा.

१९०७चा तो कायदा आजही पुस्तकात आहे. फक्त त्याच्या शेजारून एक रुंद रस्ता काढला गेला. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीत पैसे खर्च करणे हा एक प्रकारे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला. २१ जानेवारी २०१० रोजी सिटिझन्स युनायटेड खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरले की, कंपन्या आणि कामगार संघटना उमेदवाराच्या हाती पैसे न देता स्वतंत्रपणे प्रचारावर हवा तेवढा खर्च करू शकतात. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालाने अशा स्वतंत्र खर्चाच्या मंडळांना मर्यादेविना देणग्या घेण्याची वाट मोकळी झाली. कंपनीला माणसाप्रमाणे बोलण्याचा हक्क आहे, असा तर्क. माणूस ओरडून ओरडून किती ओरडेल? कंपनीचा घसा बसत नाही.

२०२४च्या निवडणुकांत सर्व मिळून सुमारे १६ अब्ज डॉलर खर्च झाले. इलॉन मस्क या एका माणसाने ट्रम्प आणि त्यांच्या पक्षासाठी २५ कोटी डॉलरहून अधिक ओतले. त्यांच्या कंपन्या सरकारी कंत्राटांवर मोठ्या झालेल्या. २०२५च्या जानेवारीत सरकारी खाती आणि नोकऱ्या कापण्याच्या मोहिमेची सूत्रे त्यांच्याकडेच आली. ज्या खात्यांनी त्यांच्या उद्योगांवर देखरेख करायची, त्या खात्यांत त्यांची माणसे शिरली. मेअखेर ते बाहेर पडले आणि अध्यक्षांशी त्यांचे जाहीर भांडण झाले. पण तोवर हजारो लोकांच्या नोकऱ्या गेलेल्या होत्या.

आणि मग २०२५ची दिवाळी. १ ऑक्टोबरपासून अमेरिकेचे सरकार बंद पडले होते. खर्चाचा ठराव मंजूर होईना, कारण आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरचे सरकारी साहाय्य वर्षअखेर संपत होते, ते वाढवावे की नाही यावर दोन्ही पक्ष अडून बसलेले. हा बंद ४३ दिवस चालला, तोवरचा सर्वांत लांब. विमानतळांवरचे वाहतूक नियंत्रक पगाराविना काम करत होते. पुढे ४० विमानतळांवरील उड्डाणे कमी करावी लागली. नोव्हेंबर उजाडताच गरिबांच्या अन्नसाहाय्याचे पैसे अडकले, आणि ते घेणारे लोक सुमारे ४ कोटी २० लाख. आमच्या जावयांच्या शेजारच्या सरकारी नोकर बाईंनी फराळाचा डबा परत करताना तो रिकामा द्यावा लागतो म्हणून माफी मागितली, असे मुलीने फोनवर सांगितले.

आपल्याकडे नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान चालू होते त्या २० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसची पूर्वेकडची इमारत पाडायला सुरुवात झाली. तिथे मेजवान्यांसाठी भव्य दालन व्हायचे होते. तेव्हाचा अंदाज ३० कोटी डॉलर. सरकार बंद, पण हे काम बंद नव्हते, कारण पैसा देणगीदारांचा. देणगीदारांच्या यादीत अ‍ॅपल, अ‍ॅमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मेटा, लॉकहीड मार्टिन अशी नावे. यांतल्या काहींवर सरकारचेच खटले चालू, काहींना सरकारचीच कंत्राटे. काम आधी की पाकीट आधी, हे न्यायालयाने आता कसे ठरवावे?

यावर आपण इथे बसून हसण्याचे कारण नाही. कंपन्यांच्या देणग्यांचा धोका आपल्या न्यायालयाने फार पूर्वी सांगितलेला आहे. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या नियमावलीत बदल मागितला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यात मनाई नाही म्हणून परवानगी दिली, पण ही प्रथा लोकशाहीला घातक ठरू शकते आणि संसदेने वेळीच लक्ष घालावे, असा इशाराही दिला. तेव्हा बडोदे मुंबई राज्यातच होते, म्हणजे ते आपलेच उच्च न्यायालय. १९६९ साली बंदी आली, १९८५ साली उठली, २०१८ साली निवडणूक रोख्यांच्या रूपाने देणगीदाराचे नावही झाकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती योजना एकमताने रद्द केली. पैसा कोणाचा हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, हे त्याचे कारण. रोखे गेले, देणग्या चालूच आहेत. तरी या एका प्रश्नात आपले न्यायालय अमेरिकेच्या न्यायालयाच्या नेमक्या उलट्या दिशेला उभे राहिले, एवढे म्हणायला हरकत नाही.

आता थोडे आपल्याच घरातले. आपल्या वार्तापत्रात अधूनमधून एक छायाचित्र छापून येते. आपल्यापैकी कोणाचा तरी मुलगा, सून किंवा पुतण्या, अमेरिकेत उद्योगात नाव काढलेला, आणि शेजारी हसतमुख सेनेटर किंवा काँग्रेस सदस्य. खाली 'बडोदेकरांना अभिमान' अशी ओळ. मीच ती दोनदा लिहिली आहे. गेल्या खेपेला मुलीला असे एक छायाचित्र कौतुकाने दाखवले, तेव्हा ती हसली. म्हणाली, "बाबा, हा निधी जमवण्याच्या जेवणाचा फोटो आहे. जेवणाचे तिकीट असते आणि फोटोचे वेगळे." २०२४च्या निवडणुकीत एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी एका व्यक्तीने जास्तीत जास्त ३,३०० डॉलर द्यावेत अशी मर्यादा होती, आणि मर्यादा नसलेल्या मंडळांची वाट बाजूला मोकळी होतीच. त्या तरुणाने काही गैर केले असे मी म्हणत नाही. तो त्या देशाचा नागरिक आहे, तिथल्या रीतीने चालतो. कदाचित तिथल्या आपल्या लोकांच्या व्हिसाचा प्रश्न मांडायला त्याला दुसरी वाटच नसेल. पण ज्या मराठी माणसाकडे त्या जेवणाचे पैसे नाहीत, त्याच्या व्हिसाचा प्रश्न कोणी मांडायचा?

संपादक मंडळापुढे मी एक सूचना ठेवली आहे. ती बहुधा फेटाळली जाईल, म्हणून ती इथेच छापून घेतो. यापुढे असे छायाचित्र आले की छापावे, अभिमानाची ओळही छापावी, आणि तिच्याखाली त्या रात्रीच्या ताटाची किंमत डॉलरमध्ये लिहावी.